आठ जणांचं बरं

सोमवार, ४

मापाच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती आजपासून वापरायला काढली. पुढून उघडली की लोकांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या, मागून उघडली की मी. दुकानाला कुलूप लागून सव्वा महिना झाला. साथीच्या दिवसांत कोण पँटची तुरपाई करून घेणार? हे ट्रकसकट सीमेपलीकडे अडकलेत. घरात मी आणि सासूबाई. त्यामुळे आरोग्य खात्याच्या मॅडमचा फोन आला तेव्हा पूर्ण ऐकून न घेताच मी हो म्हणून टाकलं.

मॅडम आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. डावा खांदा अर्धा इंच उतरता. त्यांना आपली भाषा बोलणारं माणूस हवं होतं. शहराबाहेर भाज्या चिरून पाकिटात भरायचा कारखाना आहे, त्याच्या मागे कामगारांची वसाहत. सगळी बाहेरून आलेली माणसं, त्यात आपल्या भाषेची बरीच. तिथे साथ शिरली आहे. ज्या खोल्यांवर संशय आहे त्या यादीत घातल्यात. मी रोज दहा ते चार फोन करायचे, पाच प्रश्न विचारायचे आणि रकाने भरायचे. कुणी आजारी निघाला की गाडी जाते, डॉक्टर जातो. सात दिवस ओळीनं सगळं ठीक आलं की नाव कट. एकदा नाव कट झालं की गाडी जात नाही, कारण गाड्या दोनच आहेत. तोवर यादीतली माणसं खोलीतच आराम करताहेत, असं कंपनीनं लिहून दिलंय.

फॉर्म ऑफिसच्या भाषेत होता. तो आपल्या भाषेत करायचं काम माझ्याकडेच आलं. तब्येतीचे तीन रकाने होते. पहिला, आजारी पडलाच नाही. दुसरा, पडला होता पण आता उठला. तिसरा, अजून आजारी. मी म्हटलं, पहिल्या दोन्हींना आमच्यात एकच शब्द चालतो. मग दोनच रकाने केले, ‘बरं’ आणि ‘बरं नाही’. मॅडम म्हणाल्या, किती सुटसुटीत. घोळदार कपडा अंगाबरोबर करून दिल्यावर होतो तसा आनंद झाला.

गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं. फोटोत मी भुतासारखी दिसते. पण ते दाखवलं की मला आणि घरच्यांना मोठ्या दवाखान्यात पुढच्या दारानं जाता येतं.

मंगळवार, ५

पहिला दिवस. घसा बसला.

चौदा नंबरच्या खोलीत आठ माणसं आणि फोन एक. यादीत त्यांची नावं अशी लिहिलीत की त्यांची त्यांनाही ओळखू येणार नाहीत. म्हणून मीच म्हटलं, खाटेच्या नंबरावर जाऊ या. एकेकानं फोन घेतला. दोन नंबरचा आवाज जाड, कॉलर सोळाच्या आत नसणार. तीन नंबर भरभर बोलतो. पाच नंबर अडखळतो. आठ नंबर लाजाळू, नवीन लग्न झालेला असावा. चार नंबरचा आवाज अगदी साधा, पण त्यानं एकट्यानंच मला उलट विचारलं, “तुम्ही कशा आहात, ताई?” सकाळपासून तेवढं एकानंच विचारलं होतं.

गंमत म्हणजे आठही जण शेवटी ‘येतो, ताई’ म्हणतात. दारातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो, ते ठीक. पण फोनवर? मी चार नंबरला म्हटलं, “अहो, फोनवरून कुठे येताय? ठेवतो म्हणा.” तो म्हणाला, “ठेवतो म्हटलं की संपल्यासारखं वाटतं, ताई.” मग हसला, आणि हसता हसता ठसका लागला.

एका गावचे असणार. एकाकडून दुसऱ्याकडे फोन जाताना पाणी प्यायचा आवाज येतो, बाकी खोली चिडीचूप. मागे नुसता पंखा कुरकुरतो. आठ माणसं असून इतकी शांतता, म्हणजे शिस्तीचे आहेत.

आठही बरं.

बुधवार, ६

मॅडमनी माझं अक्षर सगळ्यांना दाखवलं. सासूबाईंना घरी येऊन सांगितलं तर म्हणाल्या, “अक्षर चांगलं आहेच, पण तुला फोनवर माणूस कळतो का? तुला तर टेप लावल्याशिवाय काही कळत नाही.” हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे असं त्यांचं मत. असो.

चौदा नंबरमधल्या सहा नंबरनं मध्येच विचारलं, “ताई, एखादा आजारी आहे म्हणाला, तर बाकीच्यांचं काय?”

मला नियम पाठ होता. मी सांगितलं, “त्याला गाडी नेते आणि खोली चौदा दिवस बाहेरून बंद.”

“बंद म्हणजे कामही बंद? पगार?”

“ते कंपनीला विचारा. माझ्या फॉर्ममध्ये नाही.”

मग तो म्हणाला, “बरं.”

मी बरं लिहिलं. आता लिहिताना वाटतंय, तो तब्येतीबद्दल बोलला की नुसतं ‘समजलं’ अशा अर्थानं? पण पुढे विचारलं तेव्हाही त्यानं बरंच म्हटलं. दोन्ही बरं मिळून एक बरं धरायला हरकत नसावी.

गुरुवार, ७

सासूबाईंना दोन दिवस कणकण होती, म्हणून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. ओळखपत्र दाखवलं आणि दहा मिनिटांत डॉक्टरीणबाई समोर. बोटाला एक चिमटा लावला, त्यावर सत्त्याण्णव आकडा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान. साधी सर्दी निघाली. सासूबाई चिमटा काढूच देईनात, त्यांना तो आवडला.

खिडकीतून मागचं दार दिसत होतं. तिथे रांग होती आणि ती भिंतीला वळसा घालून दिसेनाशी झाली होती. बरेचजण उकिडवे बसले होते. कारखान्याचे निळे अ‍ॅप्रन दोन-तीन ओळखू आले. दवाखाना तोच, आजार तोच, मग दारं दोन कशाला, हे मला कळेना. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्यांची व्यवस्था वेगळी आहे.” वेगळी म्हणजे चांगली की वाईट, हे विचारायचं राहिलं.

शनिवार, ९

चौदा नंबरवाले आज फार कमी बोलले. तीन नंबरसुद्धा हळू. पाच नंबरचं अडखळणं सगळ्यांना लागलंय. शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी अडखळायची, महिन्याभरात अर्धा वर्ग अडखळायला लागला होता. तसंच असेल.

“दम लागतो का?” या प्रश्नाला आठ नंबर म्हणाला, “लाजल्यावर… लागतो, ताई.” मला हसू आलं. मग उगाच वाटलं की हे वाक्य चार नंबरनं म्हणायला हवं होतं. विनोद त्याचे असतात.

आठही बरं.

रविवार, १०

साथीला रविवार नाही, म्हणून आम्हालाही नाही. आज चौदा नंबरला फोन लावला आणि क्षणभर वाटलं चुकीचा लागला. कल्ला होता नुसता. भांडी, गाणी, कुणाचं तरी भांडण. फोन घेणारा म्हणाला, “कोण ताई?” मी म्हटलं, पाच प्रश्नवाली. तो म्हणाला, “कसले पाच प्रश्न?” मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, ती रोजची. सगळं बरं आहे म्हण.”

मग एकेक जण आला. दोन नंबरचा जाड आवाज आज पिपाणीसारखा. पाच नंबर एकदाही अडखळला नाही. आठ नंबर तर मलाच दटावत होता, लवकर आटपा म्हणून. ‘येतो’ कुणीच म्हणालं नाही, सगळ्यांनी फटाफट ठेवला. चार नंबर झोपलाय म्हणाले. मी म्हटलं, उठवा, रकाना रिकामा ठेवता येत नाही. फोन त्याच्या तोंडाशी धरला असावा. बराच वेळ खोकला ऐकू आला, मग तो म्हणाला, “बरं, ताई.”

रविवारी माणसाचा आवाज बदलतो का? सुट्टीच्या दिवशी माझा नवराही वेगळा बोलतो हे खरं. पण पिपाणी? आणि रोज आराम करणाऱ्या माणसांना रविवारचं एवढं काय?

मॅडमना सांगावं असं दोनदा मनात आलं. पण सांगायचं काय? की माणसं आज आनंदात होती?

सोमवार, ११

आज पुन्हा सगळं जागच्या जागी. चिडीचूप खोली, कुरकुरता पंखा, जाड आवाज, भरभर आवाज. फक्त दोन माणसांच्या मधलं पाणी पिणं लांबत चाललंय. मी तोवर रकान्यांना रेघा आखून घेतल्या.

सात दिवस झाले, चौदा नंबर यादीतून कट. माझ्या यादीतली पहिली रिकामी झालेली खोली. मॅडम म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला. म्हणजे हे त्यांच्या भाषेतलं जे काही आहे ते म्हणाल्या, आपल्यात ते असंच होतं. काम आणखी दोन महिने चालू ठेवू असंही म्हणाल्या.

चार नंबरला सांगितलं, “उद्यापासून फोन नाही. तुम्ही सगळे बरे झालात.”

“सगळे?”

“सगळे. आठच्या आठ.”

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, “चांगलं झालं, ताई. येतो.”

मंगळवार, १२

आज चौदा नंबरच्या वेळेला हातात काही नव्हतं. चहा घेतला. तो रोज विचारायचा, तुम्ही कशा आहात. आज कुणी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई पलंगावर पाय लांब करून. चप्पल काढता काढता विचारलं, “कसं आहे, आई?” म्हणाल्या, “बरं आहे.” चहा टाकला, तरी त्या उठेनात. चादर बाजूला केली तर गुडघा टरटरून सुजलेला. सकाळी न्हाणीत पाय सरकला होता.

मी चिडले. “मग बरं आहे का म्हणालात?”

“तू घाईत विचारलंस. घाईत विचारणाऱ्याला बरंच सांगायचं असतं.”

“आणि मी डॉक्टर असते तर?”

“डॉक्टर पुढचं काय काय करेल त्यावर आहे.” त्यांनी गुडघ्यावरून माझा हात बाजूला केला. “अगं, बरं आहे म्हणजे कसं आहे ते नसतं. तू जा आता, असं असतं ते.”

गुडघ्याला लेप लावला. तेव्हापासून काहीतरी टोचतंय, कपड्यात राहून गेलेल्या टाचणीसारखं. कुठे ते सापडत नाही.

बुधवार, १३

आज चौदा नंबरला फोन लावला. यादीत नसताना. बारा वाजले होते. खूप वेळानं कुणीतरी उचलला, पण बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, “कोण बोलतंय? कितवा नंबर?”

तो म्हणाला, “कितवा… हवाय, ताई?”

मी हसले. खरंच हसले, नेहमीचा विनोद आहे असं वाटून. मग हसू तोंडातच राहिलं.

विचारलं, “बाकीचे कुठे आहेत?”

“कामावर. सात ते पाच. रोजच.”

“रोज म्हणजे?”

“रोज म्हणजे रोज, ताई. मी एकटाच… उठू शकत नाही. म्हणून फोन माझ्याकडे.” मध्ये पाणी प्यायला. “मी गावाकडे नकला करायचो. तिकडच्याच माणसांचे आवाज काढले. पहिले दोन दिवस मजा आली. मग पाच नंबरचं अडखळणं… सोपं पडायला लागलं.”

मी पाच प्रश्न विसरले. “खरं का नाही सांगितलंत?”

“खोली बंद झाली असती. सात जणांच्या घरचे… आणि तुम्हीच तर सांगितलं, ताई. चौदा दिवस.”

हो, मीच सांगितलं. कसं सांगितलं तेही आठवतंय, धडा म्हणून दाखवल्यासारखं.

तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. म्हणाल्या, कट झालेलं नाव परत घ्यायचं तर कंपनीचा नवा कागद लागतो. कंपनीचा कागद मुकादमाकडून येतो. गाडी यादीबाहेर पाठवली तर त्यांची नोकरी जाते. “आणि तुमच्या फॉर्मवर तो छप्पन्न वेळा बरा आहे.”

“तो नाही, ते आठ जण सात वेळा.”

“तेच,” त्या म्हणाल्या.

त्या वाईट नाहीत. वाईट कोण आहे, तेच मला कळत नाहीये.

गुरुवार, १४

ऑफिसच्या खणातला तसाच बोटाचा चिमटा न विचारता घेतला आणि वसाहतीवर गेले. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. पण टेप घेऊन जा, टेप हातात असला की तुला सुचतं.”

फाटकाशी मुकादम. तोही आपल्याच भाषेचा, अगदी अघळपघळ. “या, ताई. इथे सगळे बरे आहेत. हा बघा कागद.” कागद माझाच होता, माझं ते वाखाणलेलं अक्षर. आपल्याच हाताची टीप दुसऱ्याच्या हातात उलटी दिसावी तसं झालं. मग मी टेप पुढे केला आणि म्हटलं, “अ‍ॅप्रनची मापं घ्यायला आलेय. जुने फार ढगळ आहेत.” ढगळ होतेच. त्यानं सोडलं.

खोलीत दुमजली खाटा चार, खुंट्या आठ. सात खुंट्या रिकाम्या, एकीवर निळा अ‍ॅप्रन. डोक्यावर तो पंखा, त्याची कुरकुर मला सवयीची होती. बाकीचे कामावर हे माहीत असूनही मी आठ चेहरे मनात धरून गेले होते आणि समोर एकच माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की जमत नाही म्हणाला. मला माणसाचे खांदे बघायची खोड आहे. त्याचे खांदे प्रत्येक श्वासाला कानापर्यंत चढत होते. असे खांदे मी कुणाचेच मापलेले नाहीत.

चिमटा लावला. चौऱ्याऐंशी.

“चांगलं आहे का, ताई?”

माझ्या डोक्यात फक्त सासूबाईंचे सत्त्याण्णव. मी म्हटलं, “तेरा कमी आहेत.” आणखी काही सुचलं नाही.

बाहेर येऊन मुकादमाला सांगितलं की याला नेते. त्यानं आवाज चढवला नाही. “न्या ना. माणूस वाईट नाही. पण माझ्या वहीत तो आजारी नाही, आणि त्याचं कामाचं कार्ड माझ्याकडेच राहील. आणि त्या सात जणांना तुम्ही तोंड द्या. बिचारे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात, तुम्ही त्यांचं तोंडच उघडायला निघालात.”

टॅक्सीवाल्यानं खिडक्या उघडल्या आणि सगळ्या वाटेत एकदाही आरशात बघितलं नाही. मागच्या दाराची रांग आता रस्त्याला लागली होती. मी पुढच्या दाराला गेले. खिडकीतल्या कारकुनानं माझं ओळखपत्र पाहिलं आणि विचारलं, “हे कोण?”

“घरचे.”

“नातं लिहावं लागतं.”

मी म्हटलं, “भाऊ.”

“सख्खा?”

“मला ताई म्हणतो.”

त्याच्या भाषेत याचं काय झालं कोण जाणे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या चार नंबरचे खांदे वर जाताना पाहिले आणि लिहिलं. त्यांच्या भाषेत भाऊ म्हणजे फक्त आईच्या पोटचा. तिथेही मी एका शब्दात दोन रकाने भरले. या वेळी जाणूनबुजून.

घरी आल्यावर कपडे भिजत घातले आणि स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं. सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारतात, कसं आहे? मी म्हणते, माहीत नाही. त्यांना ते उत्तर पटलं.

शनिवार, १६

काल चौदा नंबरची खोली बंद केली. दवाखान्यानं कळवलं म्हणून. आपण काळजी घेतो असं दिसावं म्हणून कंपनीनं बाजूच्या दोन खोल्याही. सगळ्यांची तपासणी झाली, चौदा नंबरच्या उरलेल्या सातातले पाच आजारी निघाले. कामावर जात होते तेव्हाही ते आजारीच असणार. त्यांनी चिरलेल्या भाज्या कुणी खाल्ल्या असतील, हे मनात येतं आणि मी ते परत खाली ढकलते. पण आधी त्यांचा विचार यायला हवा होता, भाज्यांचा नाही.

दोन नंबरचा फोन आला. खरा दोन नंबर, पिपाणीवाला. “ताई, चौदा दिवस. पुढच्या महिन्यात बहिणीचं ऑपरेशन आहे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” तो बराच वेळ बोलला, वाईट बोलला, मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “तुम्हाला दम लागतो का?”

तो थांबला. म्हणाला, “थोडा.” आणि मग, “तो कसा आहे?”

मी म्हटलं, मला सांगत नाहीत. मी यांचं भलं केलं की वाटोळं केलं? दोन्ही केलं असेल तर आधी कुठलं लिहायचं?

दुपारी मॅडमनी बोलावून ओळखपत्र परत घेतलं. चिमटा चोरला म्हणून, भाऊ लिहिला म्हणून नाही. भावाबद्दल त्यांनी विचारलंच नाही. मला वाटतं मुद्दामच विचारलं नाही. गळ्यातून काढताना त्याची दोरी माझ्या केसात अडकली, ती त्यांनी हळूच सोडवली. फॉर्मचे दोन रकाने परत तीन करणार आहेत. तिसऱ्या शब्दासाठी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, शब्द सापडला तर कळवते.

सासूबाईंचा गुडघा अजून सुजलेलाच. आता त्यांनाही मागच्या दारानं न्यावं लागेल. त्या म्हणाल्या, “रांगेत माणसं तरी भेटतील.”

सोमवार, १८

सकाळी दवाखान्यातून फोन. ऑफिसच्या भाषेत एक बाई भरभर बोलत होत्या. तुमच्या भावाला आमचं बोलणं समजत नाही आणि त्याचं आम्हाला. तो एकच शब्द म्हणतो आणि आम्हाला तो कुठे लिहायचा कळत नाही. तुम्ही विचारून सांगा. आकडा चौऱ्याऐंशीचा एक्क्याण्णव झालाय. सत्त्याण्णवला अजून सहा कमी, हे पुरेसं आहे का? विचारेपर्यंत त्यांनी फोन त्याच्या कानाला लावला.

सुरुवातीला नुसती हवा ऐकू आली, नळीतून येणारी. मागे पंखा नव्हता. मी म्हटलं, “कोण?”

“चार नंबर.”

“फक्त चार?”

“आज एवढाच… जमतोय, ताई.”

मी घाई केली नाही. स्टूल ओढलं, बसले, वही उघडली. त्यालाही खुर्ची सरकल्याचं ऐकू गेलं असेल. मग विचारलं, “कसं वाटतंय?”

“तुम्ही कशा आहात?”

“माझं नंतर. तुमचं सांगा. मला आज कुठेही जायचं नाहीये.”

खूप वेळ गेला. मला वाटलं फोन बंद पडला. मग तो म्हणाला, “बरं नाही, ताई.” आणि पुढे सांगायला लागला. छातीत कुठे, पाठीत कुठे, झोप लागली की कोण कोण दिसतं. अडखळत, मध्ये मध्ये हवा घेत. कुणाचाही आवाज न काढता. मी सगळं लिहून घेतलं, मापं घेते तसं, एकाखाली एक, आणि त्या बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. एकही शब्द कापला नाही. त्या मध्येच म्हणाल्या, हळू, मी लिहितेय. सांगून झालं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते आनंदाचं होतं की कसलं, मला सांगता येणार नाही.

बाई म्हणाल्या, पुरे आता, त्याला दम लागतोय. त्यानं ते शब्द न कळता ओळखलं असावं. म्हणाला, “येतो, ताई.”

या वेळी मी त्याला सुधारलं नाही. दारातून निघणाऱ्याला आपण जे म्हणतो तेच म्हटलं. “या.”

पण ते त्यानं ऐकलं की बाईंनी आधीच फोन काढून घेतला होता, ते मला कळलं नाही.